आजोबांनी घातलेलं नाव

माझा मामेभाऊ ग्योंग-हो शिकागोत जन्मला, वाढला आणि यंदा नोकरीसाठी इथे कोरियात, सोलला आला. वाढदिवसाला आजोबांनी इथल्या रीतीप्रमाणे त्याला समुद्री शेवाळाचं सूप वाढलं.

"तू जन्मलास त्याच आठवड्यात इथल्या सरकारी कुटुंबनोंदीत तुझं नाव घालून आलो," ते ऐटीत म्हणाले. "तू इथलाही नागरिक आहेस, पोरा!"

ग्योंग-होचा चमचा थांबला. "म्हणजे इथल्या सगळ्या मुलांसारखं मलाही सक्तीने सैन्यात जावं लागेल?"

"मग? तुझा बापही गेला होता. केस तेवढे कापावे लागतील!"

ग्योंग-होने चमचा खाली ठेवला.

"हे नागरिकत्व सोडलं तर?"

"त्याची मुदत अठराव्या वर्षीच संपते रे," मी म्हणाले.

"आजोबा, मे महिन्यात तिकडे माझं लग्न आहे. सैन्यात न जाता देशाबाहेर जाऊ देतील ना मला?"

"सूप गार होतंय, खा," आजोबा पुटपुटले. स्वतःचा वाडगा मात्र त्यांनी बाजूला सारला.