आईची साखर तोडली

दादा शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीवर. त्यामुळं जगातलं सगळं त्याला भट्टीच्या हिशेबात कळतं, आणि जे कळत नाही तेही कळलंय असं समजून तो ओरडतो. आईच्या पोटातल्या कॅन्सरचंही तसंच झालं.

डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना बसवून नीट सांगितलं होतं. गाठ स्वतःकडं नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. त्या वाहिन्यांच्या पेशी, शेजारून प्राणवायू वाहत असला तरी, साखर फोडूनच ताकद मिळवतात आणि वाढत सुटतात. केमोबरोबर द्यायचं इंजेक्शन त्या वाहिन्यांना आवर घालतं, मग केमोला गाठीपर्यंत नीट वाट मिळते. "पण पेशंटला उपाशी ठेवू नका. वजन घटलं तर केमो देता येणार नाही." हे शेवटचं दादाच्या कानात शिरलंच नाही. बाहेर आल्या आल्या म्हणाला, "साखर म्हंजे गाठीचा कोळसा. कोक तोडला की भट्टी गार. सोपं हाय की!"

घरातली साखर, गूळ, दूध, भात, केळी, सगळं बंद. आईला कारल्याचा रस आणि पालेभाजीचं पाणी. चहासाठी तिचा जीव कासावीस व्हायचा. मी एकदा कपात साखर घातली, तर यानं तो कप तिच्या देखत मोरीत ओतला. "आईला मारायला बसलीस व्हय गं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरांना फोन लावून त्याच्या कानाला धरला, तर म्हणतो, "त्यांस्नी धंदा करायचाय." आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पुढच्या केमोला आईचं वजन बघून डॉक्टरांनी हात टेकले. डोस द्यायचा नाही. आणि गाठ? वाढलेली. "खायला दिलं नाही की शरीर स्वतःचं मांस तोडून साखर बनवतं. गाठ उपाशी राहिली नाही, ह्या राहिल्या."

दादा पांढराफटक पडला. मग एकदम आईवरच ओरडला, "चोरून खाल्लंस न्हवं?"

आईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. "व्हय बाबा," ती म्हणाली, "खाल्ला गूळ."

घरात गुळाचा खडा नव्हता. त्या घडीला मला दादापेक्षा आईचाच राग आला.

आई गेली. तेराव्याला दादा आलेल्या पावण्यांना तेच सांगत होता, चोरून गूळ खाल्ला म्हणून. मी सगळ्यांसमोर उठले. "खोटं हाय हे!"

"डॉक्टरांम्होरं तिनं कबूल केलंय," दादा म्हणाला. "आई खोटं बोलली म्हणतीस?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले.