वाऱ्याची बाजू

तय्यब सोलकर माझ्यापेक्षा वयाने मोठा, पण दुबईच्या खाडीवर तो माझ्यानंतर आला. मी गलबतांच्या फळ्यांच्या सांधीत कापूस ठोकायचो. तो गलबतांना तेल लावायचा. आमचं गलबतांचं आवार बर दुबई नावाच्या वस्तीपासून दूर, खाडीच्या काठाला होतं. ते दूर ठेवण्याचं कारण तेलच.

तेल म्हणजे मुशीच्या, शार्क माशाच्या, काळजाचं. काळीज डब्यात घालून उन्हात कुजवायचं आणि वर सुटेल ते तेल काढून घ्यायचं. पाण्याखालच्या फळ्यांना चुना आणि चरबी, वरच्या फळ्यांना हे तेल. त्या काळी लाकूड टिकवायला दुसरा इलाज नव्हता. बहुतेक लोक चिंधी बुडवतात आणि फळीवरून फिरवतात. फळी काळी दिसते, उस्ताद खूश होतो आणि दोन महिन्यांत लाकूड पुन्हा कोरडं पडतं. तय्यब चिंधीने तेल लावायचा आणि मग तळहाताने दाबून ते जिरवायचा. एक फळी पुरती प्यायल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. त्याच्या हातचं गलबत मुंबईची फेरी करून परत आलं तरी फळी तशीच तुकतुकीत असायची. मी बघितलंय.

त्या तेलाला वास होता. हे मी लोकांकडून ऐकलेलं सांगतो. आवारात राहायला आलेल्या माणसाला पहिले काही दिवस मळमळतं, जेवण जात नाही. मग सवय होते. नाक शाबूत असतं, भाताचा वास येतो, उदाचा येतो, फक्त तो एक येत नाही. आम्हाला तो दुसऱ्यांच्या तोंडावरून कळायचा. अब्र्यात, म्हणजे खाडी ओलांडायच्या होडीत, आम्ही बसलो की लोक सरकायचे. तय्यब त्यावर हसायचा. म्हणायचा, आपल्याला बसायला ऐसपैस जागा मिळते.

त्याची बायको ताजबी रत्नागिरीकडे, गावी होती. गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून तय्यबने मुलाला, जमालला, आगबोटीने बोलावून घेतलं आणि इथल्या हिंदुस्थानी मुलांच्या शाळेत घातलं. गावात लोक ताजबीला म्हणाले की बापाने पोराला हमालीला नेलं, शाळेचं नाव सांगायला आहे. हे तय्यबला कळलं होतं. तो ते विसरला नाही.

जमाल आमच्यात, आवारातल्या झावळ्यांच्या झोपडीत राहायचा. कंदिलाशी अभ्यास करायचा. वर्गात पहिल्या दोघांत असायचा. बसायचा मात्र शेवटच्या बाकावर, खिडकीशी, एकटा. बापाने विचारलं तर म्हणाला होता, तिथे लक्ष लागतं.

पासष्ट साली तो शेवटच्या वर्गात, अकरावीत होता. परीक्षेच्या आधी मुख्याध्यापकांनी सांगितलं की शेवटच्या वर्गाचा फोटो निघणार. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे चामड्याचे बूट. टाय शाळा देईल. प्रत्येकाला घरी पाठवायला एक प्रत मिळेल. जमालने हे बापाला सांगितलं आणि लगेच म्हणाला, “कपडे वस्तीत हव्वाचाचींकडे ठेवू या, बाबा. इथे नको.”

तय्यबने का म्हणून विचारलं नाही. रात्री मला म्हणाला, “अलीमियाँ, ताजबीला एवढंच दिसलं पाहिजे. चार पोरं बसलीत आणि त्यांच्यात आपला बसलाय. कोण कुठला ते ओळखू येता कामा नये. बस.”

मग त्याने तयारीला हात घातला. ती तयारी मी एखाद्या कामासारखीच सांगतो, कारण त्याने ती तशीच केली.

पहिलं म्हणजे त्याने तेलाचं काम सोडलं. कायमचं नाही, फोटो होईपर्यंत. उस्तादाला सांगून लाकडं ओढायला गेला. ते काम जास्त जड आणि त्याला सवयीचं नव्हतं. खांदे सोलले. आवारातली माणसं विचारायची, “तय्यबभाई, फोटो पोराचा की तुझा? नवरदेव कोण आहे?” तो ओंडका खाली ठेवायचा, श्वास घ्यायचा आणि पुढचा उचलायचा.

मग हात. रोज संध्याकाळी रॉकेलने तेल सोडवायचा, मग ओल्या वाळूने घासायचा, मग लिंबाच्या साली, मग साबण. नखांत खिळ्याने कोरायचा. पोराचे केसही साबणाने दोन-दोनदा धुवायचा. जमाल मोठा झाला होता, त्याला ते आवडायचं नाही, पण मान खाली घालून बसायचा.

कपडे शिवून आले ते शिंप्याकडून परस्पर हव्वाबीकडे गेले. हव्वाबी म्हणजे रायगडकडच्या खैरुद्दीनची बायको. खैरुद्दीन एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. घर बर दुबईच्या गल्लीत, पक्कं. बाई तोंडाने फटकळ, पण कामाला कोणाला नाही म्हणायची नाही. तिने कपडे घेतले आणि सांगितलं, “पोराला त्या सकाळी आंघोळीलाही इथेच पाठवा. मी कपड्यांना उदाची धुरी देते, नवरदेवासारखा पाठवते बघा. तुम्ही मात्र दारातूनच बोला हां, तय्यबभाई. माझे पडदे नवे आहेत.”

तय्यब हसला. हसता हसता एक पायरी खाली उतरला.

राहिले बूट. ते सगळ्यात शेवटी, खाडीपलीकडच्या देरा बाजारात जाऊन घेतले. चामडं कडक. जमाल जन्मभर चपलेत चाललेला. पहिल्याच दिवशी टाचा सोलल्या. हव्वाबीच्या घरी ठेवून बूट मऊ होणार नव्हते, ते घालून चालायला हवं होतं. म्हणून बूट तेवढे आवारात आले. जमाल संध्याकाळी वाळूत फेऱ्या मारायचा आणि लंगडत परत यायचा. फोटोच्या आदल्या दिवसापर्यंत ते काही मऊ झाले नाहीत. तय्यबला दिसलं की पोरगा उद्या सगळ्यांसमोर लंगडत जाणार.

चामडं मऊ कसं करायचं हे आवारातल्या कोणालाही विचारा. भात्याचं चामडं असो, सामत्याचा, म्हणजे भोकं पाडायच्या हत्याराचा, पट्टा असो, एकच रीत. तय्यबने बूट दुपारभर उन्हात तापवले. मग बोटांनी तेल घेऊन टाचेपासून सुरुवात केली. शिवणीत, जिभेखाली, आतल्या अस्तरापर्यंत. दाबून जिरवलं, थांबला, पुन्हा लावलं. शेवटी कोरड्या फडक्याने इतकं पुसलं की बोटाला डाग लागत नव्हता. वाकवले तर बूट हातमोज्यासारखे वाकले. काळा रंग असा उठला की तोंड दिसावं. जमालने घातले, चालून बघितले आणि कितीतरी दिवसांनी हसला. मीही ते बूट हातात घेऊन बघितले. काम चांगलं झालं होतं. आम्हा तिघांना दुसरं काही जाणवलं नाही.

शुक्रवारी सकाळी जमालने हव्वाबीकडे आंघोळ केली, कपडे केले. बूट तय्यबने वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते, ते पोराने शाळेच्या फाटकाशी घातले. बापांना शाळेने बोलावलं नव्हतं, पण येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. पाच-सहा बाप कुंपणाशी उभे होते, तय्यबबरोबर मीही होतो. खैरुद्दीनही आला होता, त्याचा भाचा त्याच वर्गात होता. तय्यबने धुतलेला पांढरा सदरा घातला होता.

मुख्याध्यापकांनी मुलं लावली. हुशार म्हणून जमालला पुढच्या रांगेत, खुर्चीवर, त्यांच्यापासून तिसरा बसवलं. तय्यबने माझा हात दाबला. वारा अजिबात नव्हता. ऊन चढत होतं आणि फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून बराच वेळ काढत होता.

बूट तापले.

आधी जमालच्या उजवीकडच्या मुलाने रुमाल काढला. मग डावीकडचा सरकला. मागच्या रांगेत कुजबूज झाली. फोटोवाला कापडातून बाहेर येऊन म्हणाला, “अरे भाई, चिपक के बैठो. बीच में जगह क्यों छोड़ी?” मुलं सरकल्यासारखं करून पुन्हा होती तिथेच. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा एक जण म्हणाला, “सर, समथिंग इज डेड हिअर.”

सगळे शोधायला लागले. शिपायाने गटारावरची फळी उचलून बघितली. आणि तय्यबही गेला. मदतीला म्हणून गेला. खुर्च्यांच्या मागे वाकून, भिंतीच्या कडेला, झुडपात हात घालून मेलेलं मांजर शोधत होता. म्हणत होता, “उन्हात लवकर सडतं. थांबा, मी उचलतो. मला काही वाटत नाही.”

खैरुद्दीन त्याच्याजवळ गेला. भला माणूस, आवाज खाली ठेवून बोलला. पण तिथे आवाज नव्हताच दुसरा.

“तय्यबभाई, बूट आहेत.”

तय्यब वाकलेला होता तो तसाच राहिला. मग सरळ झाला. सगळ्या पोरांनी एकदम जमालच्या पायांकडे बघितलं आणि मग लगेच दुसरीकडे. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं.

तय्यब पुढे गेला. पोरासमोर उकिडवा बसून बुटाच्या नाडीला हात घालणार होता. जमालने पाय मागे ओढले.

“नको, बाबा,” तो म्हणाला. “फोटो काढू दे.”

“काढतो रे बूट. पायात काही नको. कोण बघतंय पायांकडे.”

“बाबा, तुम्ही बाजूला व्हा.”

तय्यब उठला आणि कुंपणाशी आला. माझ्या शेजारी नाही, टोकाला, एकटा. जमालने दोन्ही पाय खुर्चीखाली जातील तेवढे मागे घेतले आणि समोर बघितलं. फोटोवाल्याने आणखी एकदा जवळ सरकायला सांगितलं. मुख्याध्यापक म्हणाले, “खलास, ले लो.”

परत येताना जमालने खाडीच्या पायऱ्यांवर बूट काढले आणि बापाच्या हातात दिले. टाकून दिले असते तर तय्यबला सोपं गेलं असतं. पोरगा अनवाणी पुढे चालला, तय्यब बूट घेऊन मागे. वाळू तापली होती. त्या दिवशी दोघं जेवले नाहीत. मी भात करून ठेवला होता, तो तसाच राहिला.

फोटो आला. चेहरे स्वच्छ होते. बूट दिसतच नव्हते, खुर्चीखाली अंधार होता. तेवढी मेहनत केली, तीही दिसली नाही. दिसत होतं ते एवढंच की सगळी पोरं खांद्याला खांदा लावून आहेत आणि एका पोराच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा आहे. तय्यबने फोटो हातात घेतला नाही. मला धरायला सांगितला आणि लांबून बघितला. म्हणाला, “ओळखू येतंय, अलीमियाँ.”

पाठवायचा की नाही यावर बाप-लेकांत बोलणं झालं नाही. जमालनेच पाठवला. पुढे गावाहून आगबोटीने एक जण आला, त्याने ताजबीचा निरोप आणला. तिने फोटो दारोदार दाखवला होता. लोकांना सांगत होती की बघा, माझ्या पोराला मान देऊन बसवलंय, दोन्हीकडे जागा सोडून, पहिला नंबर असणार. ज्यांनी हमाली म्हटलं होतं ते गप्प झाले होते.

निरोप्या हे कौतुकाने सांगत होता. तय्यबने ऐकून घेतलं. मान हलवली. मग उठून तेलाच्या डब्यांकडे गेला आणि झाकणं घट्ट आहेत का ते बघत बसला.

तेव्हापासून त्याला एक सवय लागली. कोणाशी बोलायला गेला की आधी वारा बघायचा. खाडीवर काम करणाऱ्याला वारा बघायला मान वर करावी लागत नाही, कानाला कळतो. तो माणसाला वळसा घालून जायचा आणि वारा त्या माणसाकडून आपल्याकडे येईल असा उभा राहायचा. दुकानात उंबऱ्याबाहेर. नमाजाला शेवटच्या रांगेत, दाराशी. अब्र्यात तर चढायचाच नाही, चालत दूरचा वळसा घ्यायचा. जागा ऐसपैस मिळते हा विनोद त्याने पुन्हा केला नाही. काम मात्र तेच केलं आणि तसंच केलं, हात न उचलता, दाबून.

जमाल पास झाला, एका जहाज कंपनीच्या ऑफिसात लागला. बर दुबईत खोली घेतली आणि बापाला तेल सोडायला लावलं. तय्यब पोराच्या खोलीवर राहायला गेला, पण झोपायचा गच्चीवर. हवा बरी असते म्हणायचा.

एकोणसत्तर साली जमालचं लग्न झालं. मुलगी शहनाझ, हव्वाबीच्या बहिणीची. निकाह त्याच गल्लीत, हव्वाबीच्या घरी. ताजबीही गावाहून आली होती. तय्यबने तेल सोडून तेव्हा वर्ष उलटलं होतं. अंगावर नवा सदरा, त्यावर अत्तर. संध्याकाळी फोटोसाठी सगळे गच्चीवर गेले. समुद्राकडून वारा सुटला होता. मधे जमाल, एका बाजूला त्याची आई. दुसरी बाजू बापाची, म्हणजे वाऱ्याकडची.

तय्यब तिथे उभा राहिला नाही. पार दुसऱ्या टोकाला, ताजबीच्याही पलीकडे, कठड्याला लागून उभा राहिला आणि मधे जागा सोडली. फोटोवाला घाई करत म्हणाला, “यल्ला चाचा, लड़के के बाजू में आओ.” हव्वाबी म्हणाली, “या की तय्यबभाई, आज तरी दारातून बोलू नका.”

जमाल स्वतः आला. बापाच्या दंडाला धरून म्हणाला, “बाबा, चला. माझ्याजवळ उभे राहा.”

तय्यबने दंड हळूच सोडवून घेतला.

“इथेच बराय,” तो म्हणाला. “वारा तिकडून आहे.”

जमाल आपल्या जागी गेला, आणि फोटोवाल्याने तसाच फोटो काढला.