ओबोचा तुरट आवाज

ओबो हे आपल्या सनईच्या जातीचं एक वाद्य. जर्मनीतल्या एका कारखान्याला आपल्या वाद्यांचा कॅटलॉग इंग्रजीत करून हवा होता. पुण्यातल्या एका छोट्या भाषांतर कचेरीने नमुन्याचं एकच पान दोघींना पाठवलं, मला आणि माझ्या मैत्रिणीला. काम एकीलाच मिळणार होतं.

आम्ही दोघी आटगावजवळच्या एकाच गावच्या. माझं घर गावात, भातशेतीवालं. तिचं गावाबाहेरच्या वाडीत, जिथली माणसं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात. माझे वडील वाडीच्या हक्कांसाठी पत्रकं लिहायचे. ती वाचतच मी मोठी झाले, आणि आमच्या ओट्यावर बसून तीही. वाडीतल्या मुलींनी पुढे गेलं पाहिजे, असं मी आठवीत भाषणात ठणकावून सांगितलं होतं, टाळ्या मिळवल्या होत्या. वाडीतली मुलगी कल्याणच्या जर्मनच्या क्लासला माझ्याच बाकावर बसून माझ्यापुढे जाईल, हे त्या भाषणात नव्हतं.

व्याकरण माझं पक्कं होतं. अडायचं ते आवाजाच्या शब्दांपाशी. जर्मन माणूस आवाजाला गडद म्हणतो, मखमली म्हणतो, गोल म्हणतो. आमच्या घरात आवाजाची परीक्षा एकच, मागच्या रांगेपर्यंत पोचतो का? तीच फूटपट्टी मी सगळीकडे लावली. मऊ आवाज मी क्षीण करून टाकला, गडद होता तो करारी केला. माझ्या पानावरचं प्रत्येक वाद्य जणू सभेत उभं राहून बोलत होतं. शेवटचा शब्द होता ‘हेर्प’. ज्या वाइनमध्ये गोडवा नसतो तिलाही जर्मन लोक हाच शब्द वापरतात. मी ‘हार्श’, म्हणजे कर्कश, असं लिहून मोकळी झाले.

पान पाठवायच्या आदल्या दिवशी शहापूरच्या वाचनालयात तिने तिचं पान माझ्यापुढे सरकवलं. त्या शब्दासमोर तिने लिहिलं होतं ‘ॲस्ट्रिंजंट’. तुरट.

“हे कुठून आणलंस?”

“टोकावड्याला गेलते, मामाकडं.” तिचा मामा लग्नांत सनई वाजवतो. “त्याला मोबाइलवर ओबो ऐकवला. म्हटलं, मामा, कसा वाटतो? दोनदा ऐकला नि म्हणतो, कच्च्या जांभळावानी हाय. जीभ आवळते, पण थुकावंसं नाय वाटत.” ती हसली. मग जरा बिचकून म्हणाली, “पण इंग्रजीत आवाजाला असं म्हणत असतील का गो? तूच सांग, तुमच्या घरात पुस्तकं.”

म्हणतात. आदल्याच आठवड्यात एका मैफलीच्या इंग्रजी परीक्षणात मी तो शब्द वाचला होता. वाचूनही तो मला सुचला नव्हता.

“नाय म्हणत,” मी म्हटलं. “चवीचा शब्द आहे तो. हार्श लिही.”

तिने तो खोडला. वाद घातला नाही.

काम मला मिळालं. कचेरीने कळवलं, दोन्ही पानं चांगली आहेत, तुमचं व्याकरण जास्त सफाईदार आहे. शेवटच्या शब्दाला मात्र दोघीही चुकलात. तिचा मेसेज आला, “मॅडम, पार्टी कदी?”

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मी कचेरीला पत्र लिहिलं. मी खोटं बोलले, तिचा शब्द बरोबर होता, एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण हात लिहीतच गेला. वाडी, वीटभट्टी, तिचे आईबाप, पिढ्यान्‌पिढ्या नाकारलेली संधी. काम तिलाच द्या, अशी मागणी करून मी पत्र पाठवलं. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या अंगणात उभी.

“काका हायत?”

“नाहीत.”

“बरं झालं. खोटं बोललीस ते मला सांगतीस तर दोन शिव्या घातल्या असत्या, मिटलं असतं. माझ्या आयबापाची भट्टी कशाला नेलीस तिथं? कचेरीतली ती बाई फोनवर अशी गोड बोलत होती, जशी मी ताटली घेऊन उभी हाय!”

“मी तुझीच बाजू...”

“मला विचारलंस? तुमच्या घरानं पत्रक छापायच्या आधी कदी विचारलंय आमाला?”

मी वडिलांना आठवून पाहिलं. त्यांनी वाडीवर जाऊन पत्रकं वाटलेली मला आठवत होती. विचारायला गेलेले आठवत नव्हते.

“काम घेशील ना?”

“दयेचं नाय घेणार. त्यांना म्हटलं, माझं पान पाठवते, खोडायच्या आधी होतं तसं. ते वाचा, मंग ठरवा.”

त्यांनी वाचलं आणि ठरवलं.

तिचा पूर्ण कॅटलॉग परवा माझ्या हाती आला. चूक सापडावी म्हणून मी तो तीनदा वाचला. बासरीच्या पानावर तर एक वाक्य असं आहे, की ते मला सुचलं असतं तर मी आठवडाभर मिरवलं असतं. चूक सापडली नाही. छान केलंस, हे तिला सांगायला मी दोनदा फोन उचलला, आणि दोन्ही वेळा खाली ठेवला.