लवूचा हात, रखमाचा उजेड

दिवाळी सरली तरी उकाडा हटत नव्हता. वरळीच्या बीडीडी चाळीत सकाळचं पाणी आलं, तेव्हाच लवूची बनियन पाठीला चिकटली होती. पिंप भरता भरता तो सारखा आत-बाहेर करत होता, आणि दर खेपेला हात दाराशेजारच्या दिव्याच्या बटणावर. बाहेर जाताना खट्, आत येताना खट्.

"अवो, मी हंयच बसलंय मा!" आतून रखमा कडाडली. "बायको दिसना नाय काय तुमका?"

रखमा साड्यांना फॉल लावायची. खिडकीला लागून पलीकडच्या इमारतीची भिंत, त्यामुळे भरदिवसाही दिवा हवाच. त्यात मोतीबिंदू काढलेला डोळा. आज नवरीचा शालू हातात होता. संध्याकाळी नवरीची आई न्यायला येणार होती.

"सवय गो," लवू वरमला.

लवू एकेकाळी गिरणीत साचेवाला, मागावर कापड विणणारा. साच्यापासून हलायचं तर आधी साचा थांबवायचा, नाहीतर धागा तुटून कापडाचा सत्यानाश. ब्याऐंशीच्या संपानंतर गिरणी काही पुन्हा त्याची झाली नाही. साचे भंगारात गेले, हात तेवढा थांबवायच्या कामावर राहिला. संपात बिल थकून घरची वीज कापली होती. तेव्हापासून रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की याचा हात बटणाकडे जाई. बरं, एका जागी बसेल तर लवू कसला!

पुन्हा खट् झालं. बल्ब फडफडला नि विझला. वीज वाचवणारा, वळणावळणाचा, जेमतेम महिनाभराचा सीएफएल. याच्या आधीचाही असाच गेलेला.

रखमाने सुई खाली ठेवली. "झाला. आता नवरीच्या आवशीक काय सांगू? ह्या असाच चलला तर मी जातंय लेकीकडे अँटॉप हिलला. थंय सुखान टाके तरी घालीन."

ती ओरडली असती तर लवूने कानाआड केलं असतं. पण ती हळू बोलली, आणि तो हबकला. बल्ब मुठीत धरून तो तडक नाक्यावर तुळशीदासच्या दुकानात.

"काय रे, माल बोगस ठेवतोस? वर्षानुवर्षं चालेल बोललास. घटस्थापनेला नेला, तुळशीचं लग्न पण नाय बघितलं ह्याने!"

"काका, त्याच पेटीतले तुमच्या शेजारी मस्त जळतायत. तुमच्याकडेच काय भूत आहे? सारखं चालू-बंद करता काय?"

"करतो की. जाता-येता."

"मग मरणारच ना! ह्याच्या बुडात सर्किट असतं. दर वेळी पेटताना त्याला दणका बसतो. जुन्या पिवळ्या गोळ्यासारखा नाय हा. जळत ठेवा, टिकेल."

"रिकाम्या खोलीत?"

"रिकाम्या खोलीत. हाताला रजा द्या जरा." तुळशीदासने बल्ब बदलून दिला. "हा शेवटचा हं!"

परतताना लवूचं डोकं भणभणत होतं. वाचवायला म्हणून बटण दाबायचं, आणि त्यानेच बल्ब मरायचा?

स्टुलावर चढून त्याने नवा बल्ब लावला. "माझोच हात गो बल्ब खाता हा."

"माका काय नवीन सांगतास?" म्हणत रखमाने सुई उचलली.

लवू सुपात सुकट घेऊन निवडायला पॅसेजमध्ये बसला. जरा वेळाने रखमा तोंडावर पाणी मारायला नळावर गेली. आत कोणी नाही, आणि दिवा ढणढणीत. लवू उठला, बसला, परत उठला. बोट बटणावर टेकलं. त्याने ते मागे घेतलं, आणि पाठ फिरवून दाराशी उभा राहिला; आतलं बघवत नव्हतं.

रखमा आली. पदराने तोंड पुसत तिने दिव्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"शालू झालो की सुकटीचा कालवण टाकतंय," ती म्हणाली. "डोकी नीट काढा, गेल्या वेळेक टोचली."

लवू खाली बसला, सूप पुढे ओढलं, आणि सुकटीची डोकी खुडायला लागला.