ग्वाटेमाला सिटीत माझा स्टीलचा पेला

ग्वाटेमालाला जाते म्हटल्यावर आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांनी आधी मोबाइलवर नकाशा उघडला. "मॅडम, हे अमेरिकेत येते का आफ्रिकेत?" "दोन अमेरिकांच्या मधात येते," मी तोऱ्यात सांगितलं. महिनाभर आधी मलाही ठाऊक नव्हतं, ते सांगायची काही गरज नव्हती.

माझी लेक प्रज्ञा नोकरीसाठी तिथे राहते. मागच्या वर्षी तिला टायफॉइड झाला, तेव्हा तिची घरमालकीण उशाशी बसून होती. दोन्या मार्ता त्यांचं नाव. दोन्या म्हणजे आपल्याकडे नावापुढे बाई लावतात तसं. मी मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटहून व्हिडिओ कॉलवर पेज कशी करायची ते सांगे, प्रज्ञा पडल्यापडल्या ते स्पॅनिशमध्ये सांगे आणि त्या बाई गॅसपाशी उभं राहून पेज ढवळत. समोर बसून त्यांचे आभार मानायचे, एवढ्यासाठी मी हा प्रवास केला. आणि त्याचीच माती करून आले.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. बालाघाटहून गोंदिया, मग नागपूर, दिल्ली, माद्रिद आणि शेवटी ग्वाटेमाला. पाय सुजतात, सैल चपला घाला. व्हिसाचे नियम बदलत असतात, वाटेतल्या देशाचेसुद्धा स्वतः तपासून घ्या. माझ्या बॅगेत दोन्या मार्तांसाठी आमच्याकडच्या वारासिवनीची हातमागाची साडी होती आणि पर्समध्ये माझा स्टीलचा पेला. लग्न असो, दवाखाना असो, पेला माझ्याबरोबर असतोच. घरचे चिडवतात, मी ऐकत नाही.

शहर उंचावर आहे, हवा थंड. स्वेटर लागतोच. वस्त्यांना नावापेक्षा नंबरानेच ओळखतात. झोन एकमध्ये जुना चौक, मोठं चर्च, हिरवट दगडाचा राजवाडा. चर्चमागे जमिनीखाली बाजार भरतो, तिथे विणलेलं कापड बघत मी अर्धा दिवस घालवला. हिरव्या बसने फिरा, स्वस्त पडते. त्यांच्या एका क्वेट्झलचे आपले दहा-अकरा रुपये धरा. झोन दोनमध्ये अख्ख्या देशाचा सिमेंटचा नकाशा जमिनीवर बांधलाय, डोंगर-नद्यांसकट. मचाणावर चढून बघायचा. मला ज्वालामुखी दाखवताना प्रज्ञाचा चेहरा शाळेत बक्षीस घेताना व्हायचा तसा झाला होता.

दोन्या मार्ता खाली राहतात, प्रज्ञा वरच्या खोलीत. साडी मी पोचल्याबरोबर दिली. त्यांनी ती गालाला लावली आणि शनिवारी जेवायला बोलावलं. शनिवारी तिथे तमाल खायची पद्धत आहे. मक्याचं पीठ, आत कोंबडी, वरून केळीचं पान, आणि वाफवायचं. ज्या घरी विकायला करतात तिथे दारात लाल दिवा लावतात. टेबलाशी बसलो. त्यांनी कोवळ्या मक्याची गरम, गोड पेज वाळलेल्या भोपळ्याच्या कोरलेल्या वाटीत ओतली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मी पर्स उघडली. पेला काढला, ओढणीने पुसला आणि हसत पुढे केला. यात ओता.

पोट बिघडेल ही भीती होती, ते खरं. पण तेवढंच नव्हतं. ती वाटी काळपट होती, बाईंच्या नखांत पीठ होतं, आणि मला किळस आली. ज्या हातांनी माझ्या पोरीला पेज भरवली होती, त्याच हातांची.

त्यांनी वाटी हळूच मागे घेतली. पेल्यात पेज ओतली. मग प्रज्ञाला काही विचारलं. प्रज्ञा मान खाली घालून बसली.

"काय म्हणून राह्यल्या?" मी विचारलं.

"लहानपणी त्या इथल्या मोठ्या घरी कामाले होत्या, आई. तिथं त्यांचं ताट-वाटी वेगळं ठेवत. विचारून राह्यल्या, तुमच्या देशातबी आमच्यासारख्याइचं वेगळं ठेवतात का?"

माझी आई खैरलांजीकडे धानाचा रोवणा करायला जायची. शेतमालकाच्या घरी तिचा कप गोठ्याच्या वळचणीला खोचलेला असे. चहा वरून ओतत, कप तिनेच धुवायचा. हे मी प्रज्ञाला लहानपणापासून सांगत आले. विहारात भाषणात सांगितलं, टाळ्या घेतल्या.

"हौ म्हण," मी म्हटलं. "ठेवतात. माया मायचा कप वेगळा होता."

"मंग तू काहून असं केलं?" प्रज्ञा म्हणाली. मी तमालचं केळीचं पान उलगडत बसले.

निघायच्या दिवशी मी पेला वर ठेवून खाली गेले. टेबलावर सगळ्यांच्या वाट्या होत्या. माझ्या जागी मात्र नवाकोरा प्लास्टिकचा ग्लास आणि सीलबंद पाण्याची बाटली. माझ्यासाठी मुद्दाम आणलं होतं.

"सांग त्याइले, मले वाटीच पाह्यजे," मी म्हटलं.

प्रज्ञाने सांगितलं. दोन्या मार्तांनी माझ्या हातावर थोपटलं. "प्रवास लांबचा आहे, पोट सांभाळा म्हणतात," प्रज्ञा म्हणाली. मी त्या ग्लासातून पाणी प्याले. विमानतळापर्यंत प्रज्ञा माझ्याशी कामापुरतं बोलली.

लोक विचारतात, शहर कसं आहे? चांगलं आहे. जरूर जा, आणि देतील त्या भांड्यात प्या.

घरी पोचले. सकाळी फुलवंती भांडी घासायला आली. ती लामत्याकडच्या जंगलपट्ट्यातली, आमच्याकडे कित्येक वर्षं येते. चहा ठेवला आणि हात सवयीने खिडकीकडे गेला. तिथे तिचा कप होता. दांडी तुटलेला. हा कप कुणी वेगळा ठेवला, तर मीच. विहारात भाषणं द्यायला मी याच घरातून जात होते. लाजेने मी तिथेच स्टुलावर बसले.

कप कचऱ्यात टाकला. आमच्या सेटमधल्या कपात चहा ओतून तिला खुर्ची दिली.

ती बसली नाही. "मेरा वाला कप किधर गया, मैडमजी?"

"फेक दिया. अब इसी में पीना."

तिने मोरीपाशी उभ्याउभ्या, तोंड भाजत चहा संपवला. कप दोनदा विसळला आणि आमच्या फळीवर न ठेवता नेऊन खिडकीत पालथा घातला.