दत्तप्रसादच्या तोंडचं इंजिन

दत्तप्रसाद केरकर अमिरातीतल्या अल ऐन शहरात एका अमेरिकन गाड्यांच्या शोरूममध्ये मागच्या अंगाला, स्पेअर पार्ट्सच्या खिडकीत बसायचा. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर बाहेर सरकवायचे आणि सही घ्यायची, एवढंच काम. गिऱ्हाइकाशी चार शब्द जास्त बोलायची वेळ आली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. स्वतःची छोटी जपानी गाडी तो इतक्या सबुरीने चालवायचा की मागचे टँकरवाले हॉर्न वाजवून वाजवून थकायचे.

२००८च्या शेवटी मंदीचा दणका बसला आणि शोरूममध्ये माशा फिरायला लागल्या. एकेका सेल्समनला नारळ मिळाला. जे उरले त्यांत दत्तप्रसाद होता, कारण त्याचा पगार काढून टाकण्याइतका मोठा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी मॅनेजर इद्रीसने त्याला बोलावलं. इद्रीस सुदानचा, देहाने आडवा, आवाजाने उभा.

"दत्ता, नवी गाडी कोणी घेत नाही. खलास. पण ज्यांनी आधी घेतल्यात त्यांना आपण काहीतरी विकू शकतो. हे बघ."

टेबलावर एक खोकं होतं. त्यात भलामोठा फिल्टर, जाडजूड काळा पाइप आणि एक डबा. कोल्ड एअर इनटेक. इंजिन बोनेटखालची तापलेली हवा ओढतं, त्याऐवजी या पाइपातून बाहेरची थंड हवा ओढणार. ताकद थोडी वाढणार आणि गाडी गुरगुरणार. शिवाय किट खुद्द गाडी बनवणाऱ्या कंपनीचंच, त्यामुळे वॉरंटीला धक्का नाही.

"सर, बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. थंड हवा कुठली?"

"बोनेटखाली सत्तर आहे हबीबी. उद्यापासून तू पुढे बसायचं."

घरी आल्यावर त्याने बायकोला किंमत सांगितली. छायाने मनात दिरहमाचे रुपये केले आणि पोळी तव्यावरच विसरली. "वीस हजार? नुसती हवा आत जायला?"

कंपनीने सोबत एक सीडी पाठवली होती, गाडीचा आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवणारी. पण शोरूमच्या कॉम्प्युटरचा स्पीकर फाटलेला. आधीही खरखर, नंतरही खरखर. तेव्हा दत्तप्रसादने स्वतःच आवाज रचायला घेतला. कुडाळला असताना गावच्या नाटकांत तो विंगेत उभा राहून घोड्यांच्या टापा, ढगांचा गडगडाट, चुकलेलं वासरू, सगळं तोंडाने करायचा. रंगमंचावर यायची कधी हिंमत झाली नाही. पण विंगेतून त्याने भलेभले नट झाकून टाकले होते. बाथरूममध्ये दार लावून त्याने दोन संध्याकाळ सराव केला. पोट आत, हनुवटी खाली, आणि मग घशाच्या तळातून: "घ्घ्वॉऽऽऽर्र!"

"बाबा, प्लीज!" बाहेरून लेक इरा ओरडली. "यू साउंड लाइक अ व्हॅक्यूम क्लीनर!"

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे हमदुल्ला. उंचापुरा पठाण, टायरचं दुकान, मेंदी लावलेली दाढी. मंदीच्या तोंडावर त्याने हौसेने काळीकुट्ट मसल कार घेतली होती. आता विकायला काढली तर कोणी अर्धी किंमतही देईना. मग त्याने ठरवलं, विकता येत नाही तर निदान प्रेम करू.

"आवाज़ कैसा आएगा?" त्याने विचारलं.

दत्तप्रसादच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने डोळे मिटले, कुडाळची विंग आठवली आणि आवाज काढला. काचेवरचं पोस्टर थरथरलं. हमदुल्लाने मुकाट्याने पाकीट काढलं.

किट बसलं. आणि दोनच दिवसांत हमदुल्ला शोरूममध्ये परत उभा.

"ये वो आवाज़ नहीं है! तुमने बोला घ्घ्वॉर. ये करती है फूं!"

इद्रीस केबिनमधून बाहेर आला. "दत्ता, तू याला कुठला आवाज विकलास?"

दत्तप्रसादला सगळ्यांसमोर तो पुन्हा काढून दाखवावा लागला. वर्कशॉपमधले दोन मेकॅनिक हातातले पाने घेऊन बघायला आले. इद्रीस म्हणाला, "याच्याबरोबर जा. जबल हफीत डोंगराच्या घाटात गाडी पळवा. आवाज आला तर ठीक. नाही आला तर किट काढू, आणि तू परत तुझ्या खिडकीत. यल्ला, निघा."

गाडीत बसताना दत्तप्रसादने पट्टा लावला, ओढून पाहिला, मग पुन्हा ओढून पाहिला. एवढा धिप्पाड पठाण, एवढी राक्षसी गाडी. आज आपलं काही खरं नाही अशी त्याची खात्री झाली. पण डोंगराचा रस्ता लागला तरी गाडी आपली डोहाळजेवणाला निघाल्यासारखी चाललेली. एक भाजीचा पिकअप त्यांना मागे टाकून गेला.

"हमदुल्लाभाई, आप हमेशा ऐसे ही चलाते हो?"

"और कैसे? कुछ हो गया तो? बिकेगी भी नहीं!"

दत्तप्रसादच्या डोक्यात उजेड पडला. इंजिनाने मोठा श्वास घ्यावा म्हणून हा माणूस पैसे मोजून बसला होता, आणि धावायला मात्र त्याला एकदाही सांगितलं नव्हतं.

"दबाइए," तो म्हणाला. स्वतःच्या तोंडून हा शब्द निघाला यावर त्याचाच विश्वास बसेना.

"कितना?"

"पूरा."

हमदुल्लाने बिस्मिल्ला म्हटलं, दत्तप्रसादने रवळनाथाला हाक मारली, आणि पाय खाली गेला. आधी पाठ सीटमध्ये रुतली. मग समोरून, बोनेटच्या पोटातून, असा काही खोल, भरदार हुंकार उठला की कडेचे खडक तो झेलून परत फेकायला लागले. "आई गंऽऽऽ!" दत्तप्रसाद किंचाळला. पठाणानेही पश्तूमध्ये काहीतरी तसंच म्हटलं.

वळणापलीकडच्या पार्किंगमध्ये हमदुल्लाने गाडी थांबवली. दोघे उतरले आणि कठड्याला टेकून खालचं शहर बघत राहिले.

"आया," हमदुल्ला म्हणाला.

"आया."

"अच्छा है." त्याने दाढीवरून हात फिरवला. "लेकिन तुम्हारा वाला ज़्यादा अच्छा था."

मग त्याने खिशातून मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू करून दत्तप्रसादच्या तोंडासमोर धरला. "एक बार. पूरा."

आणि डोंगरमाथ्यावर, वाऱ्यात, कोणी बघणारं नसताना, दत्तप्रसादने आयुष्यातला सगळ्यात चांगला प्रयोग केला.

किट परत निघालं नाही. हमदुल्ला पुन्हा पहिल्यासारखाच हळू चालवायला लागला. पण टायरच्या दुकानात त्याचा फोन वाजला की बाकावरची पोरं उडी मारून विचारायची, हा कुठल्या गाडीचा आवाज? तो त्यांना शोरूमचा पत्ता द्यायचा आणि रिंगटोनही. उन्हाळा सरेपर्यंत इद्रीसची खोकी संपली. दुसरी मागवावी लागली. येणाऱ्या प्रत्येकाला दत्तप्रसाद आता विक्रीआधीच बजावायचा, "पूरा दबाना पड़ेगा, साहब. लेकिन घाट में. शहर में स्पीड का रडार है."

छायाला मात्र हे सगळं थापाच वाटायचं. एका शुक्रवारी ती सुपरमार्केटात कांद्यांच्या ढिगाशी उभी होती. शेजारी पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला एक तरुण अमिराती लिंबं निवडत होता. त्याच्या खिशातून अचानक तिच्या नवऱ्याने डरकाळी फोडली. छायाच्या हातातले कांदे घरंगळले. तरुणाने शांतपणे फोन उचलला, बोलणं आटोपलं आणि तिचं तोंड बघून अदबीने म्हणाला, "सॉरी मॅडम. इट्स अ कार."

"नो," छाया पदर सावरत म्हणाली. "इट्स माय हजबंड."

त्याने लिंबं तिथेच ठेवली आणि जरा लांबच्या रांगेत जाऊन उभा राहिला.