डाकुराचा डावा पाय

नाव: डाकुरा. वय: अंदाजे साठ. हुद्दा: माशी-संकलक, काळ्या व्होल्टा नदीचा पूर्व काठ. साधन: पाय, एक, गुडघ्यापर्यंत उघडा. गाव: ओसाड.

शेवटची नोंद जुन्या नकाशावरून उतरवलेली. डाकुराच्या लहानपणी नदीवरच्या काळ्या माशीनं निम्मं गाव आंधळं केलं, उरलेलं पळालं. आंधळ्या बापाच्या काठीचं पुढचं टोक डाकुराच्याच हातात होतं. मग गोळ्या आल्या, वर्षानुवर्षं खाल्ल्या, माणसं परतली. आता गोळ्या बंद. आजार खरंच गेला का, हे ठरवायला या काठावरच्या सहा हजार माश्यांच्या अंगात त्याचा जंत आहे का, ते राजधानीत तपासायचं होतं. डाकुराची लेक नवऱ्यासह काठावर घर बांधणार होती; पण निकाल आल्याशिवाय वीट पाडणार नाही म्हणाली. बरोबरच होतं तिचं.

डाकुरा खडकावर पाय पसरून बसे. माशी टेकली की चावायच्या आत तिच्यावर काचेची नळी. पण शेवटच्या आठवड्यात दोनशे माश्या कमी, आणि तीन दिवस नळ्या रिकाम्या.

नळ्या न्यायला अकोल्गो आला. तो फ्रफ्रा, डाकुरा दगाबा. या दोन जमातींनी एकमेकांना वाट्टेल ते बोलावं, रागवायचं मात्र नाही, अशी रीत.

"काय म्हाताऱ्या, झोपा काढतोस? का दगाब्याला चावायची माश्यांनाही किळस आली?"

"कुत्र्याची मुंडकी खाणाऱ्या, तू बस की! तुझ्या पायावर गिधाडं उतरतील."

अकोल्गो वाकला. पाय आरशासारखा चकाकत होता.

घरी डाकुराच्या बायकोनं, आयुओनं, नवऱ्यालाच झापलं. "साहेब लोक बघायला येणार, आणि तुझा पाय राखेसारखा पांढरा? बायको मेली का याची, म्हणतील! रविवारपासून रोज शियाच्या बियांचं तूप चोळतेय मी."

"वहिनी, माश्या घसरतायत!" अकोल्गो म्हणाला.

"मग त्यांना नीट बसायला शिकव."

डाकुरानं वाळूनं पाय खरवडून धुतला. पुढच्या चार दिवसांत दोनशे तेरा माश्या. एकीलाही रक्ताचा थेंब मिळू दिला नाही, हे तो अजून सांगतो. न विचारता सांगतो.

सहा महिन्यांनी कागद आला: तपासलेल्या माश्या सहा हजार तेरा, जंत शून्य. डाकुरानं तो चावडीच्या झाडाखाली तीनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा फक्त 'शून्य' एवढंच.

कागदावर गावापुढे अजूनही 'ओसाड' आहे. लेकीच्या घराला चार खोल्या आहेत.